जुन्या गिटारीचा जीर्णोद्धार

इटलींतील क्रेमोना येथें आंतोनिओ स्त्रादिवारी ह्या कारागिरानें इ. स. १६७९ मध्यें केलेली एक गिटार आजहि अस्तित्वांत आहे. स्त्रादिवारी हें नांव घेतांच सुशिक्षित वाचकाच्या मनांत व्हायोलिन उभें राहतें, आणि तें योग्यच आहे. परंतु ह्या गृहस्थानें आपल्या दीर्घ आयुष्यांत गिटारीहि घडविल्या, आणि त्यांपैकीं ज्या बोटांवर मोजण्याइतक्या शिल्लक आहेत त्यांत ही एक. तिला ‘साबिओनारी’ असें म्हणतात. ती घडली तेव्हां तिच्यावर तारांच्या पांच जोड्या होत्या. पुढें पांच जोड्यांची गिटार जुनाट ठरून सहा सुट्या तारांची गिटार रूढ झाली, तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एका कारागिरानें तिच्यांत फेरफार करून तिला नव्या चालीची केली. त्या नव्या वेषांत ती दोनशें वर्षांच्या आसपास राहिली. अलीकडे, आमच्याच काळांत, ह्या विद्येंतील तज्ज्ञांनीं तो सहा तारांचा साज उतरवून तिला पुन्हां पांच जोड्यांची केली. आणि आतां सतराव्या शतकांतील संगीत वाजविण्यास ती उपयोगीं पडते.

हें वृत्त ऐकून संगीतप्रेमी मनुष्यास आनंद होणें साहजिक आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास येथें एक अडचण पडते. एकोणिसाव्या शतकांतील तो कारागीर कांहीं वाद्यांचा शत्रु नव्हता. त्यानें ती गिटार मोडली नाहीं, अडगळींत फेंकली नाहीं; ती वाजती राहावी म्हणूनच त्यानें तिला नवें रूप दिलें. किंबहुना त्यानें तसें केलें नसतें तर ती आपल्या काळापर्यंत पोहोंचली असती कीं नाहीं ह्याचीच शंका आहे. मग त्याचें काम पुसून टाकणें ह्याला इतिहासाचा उद्धार म्हणावयाचें, कीं इतिहासांतील एक पान फाडणें म्हणावयाचें? प्रश्न एका मौल्यवान वाद्याचा दिसतो, पण तो तेवढा मर्यादित नाहीं. जुन्या बाजारांतून कोणी पांच-दहा हजारांत एखादी गिटार विकत आणतो आणि ती ‘नीट करून’ घेण्यासाठीं कारागिराकडे नेतो, तेव्हां त्याच्यापुढेंहि नेमका हाच प्रश्न असतो. त्याला तो दिसत नाहीं इतकेंच.

आपल्या भाषेंतील जीर्णोद्धार हा शब्द मोठ्या मनाचा आहे. जीर्ण झालेल्याचा उद्धार करावयाचा. मग त्यांत मूळचें किती उरलें आणि नवें किती आलें ह्याची मोजदाद तो करीत नाहीं. सभामंडप पडला तर नवा बांधतात, कळस झिजला तर नवा चढवितात, आणि गाभाऱ्यांतील दिवा तेवत राहिला म्हणजे देऊळ तेंच राहिलें असें गांव मानतो. युरोपांत मात्र ह्या विषयावर एकोणिसाव्या शतकांत चांगलेंच रण माजलें. फ्रान्सांत व्हियोले-ल-द्युक ह्या वास्तुविशारदानें, जुनी इमारत अशा पूर्णावस्थेस आणावी कीं जी अवस्था पूर्वीं कोणत्याहि एका काळीं कदाचित् अस्तित्वांतहि नव्हती, असें उघड उघड प्रतिपादिलें आणि तसें करूनहि दाखविलें. इंग्लंडांत जॉन रस्किन ह्यानें १८४९ सालच्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत ह्याच्या अगदीं उलट बाजू घेतली. जीर्णोद्धार म्हणजे इमारतीचा अत्यंत पूर्ण असा विध्वंस, असें त्याचें म्हणणें. विल्यम मॉरिसनें १८७७ मध्यें जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ जी संस्था काढली तिचें बीज ह्याच विचारांत आहे. ह्यांतील मौजेचा भाग असा कीं, व्हियोले-ल-द्युकनें पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरावर उभारलेला मनोरा, म्हणजे जुन्या मंदिराला एकोणिसाव्या शतकानें आपल्या कल्पनेनें घातलेली भर, एप्रिल २०१९ च्या आगींत कोसळला, तेव्हां तो जसाच्या तसा पुन्हां उभारावा असेंच ठरलें. आणि डिसेंबर २०२४ मध्यें मंदिराचे दरवाजे उघडले ते त्या मनोऱ्यासह. दीडशेंहून अधिक वर्षांत भर हीच मूळ होऊन बसली होती.

वाद्यांच्या बाबतींत हा गुंता अधिकच वाढतो. कारण वाद्य ही नुसती पाहण्याची वस्तु नव्हे. ती वाजवावयाची असते, आणि वाजविण्याची रीत पिढीगणिक बदलते. स्त्रादिवारीच्याच व्हायोलिनांची गोष्ट घ्या. आज जलशांत वाजणाऱ्या त्याच्या जवळ जवळ प्रत्येक व्हायोलिनाची दांडी बदललेली किंवा लांबविलेली असून ती मागें अधिक झुकविलेली आहे. पोटांतील आधाराची पट्टीहि अधिक जाड घातलेली आहे. कोट्यवधि रुपये मोजून लोक जें घेतात तें वाद्य कांहीं अंशीं स्त्रादिवारीचें आणि कांहीं अंशीं त्याच्यामागून आलेल्या शतकाचें असतें. त्याबद्दल कोणी हळहळत नाहीं. व्हायोलिनाला माफी आणि गिटारीची मात्र चौकशी, असा हा न्याय आहे.

गिटारीच्या नशिबीं ह्याहूनहि चमत्कारिक स्थित्यंतरें आलीं. लिस्बन येथील बेल्शियोर दियश ह्यानें १५८१ मध्यें केलेलें एक लहानसें वाद्य लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संग्रहांत आहे. गिटारीच्या कुळांतील जीं तारीखवार वाद्यें आज उरलीं आहेत त्यांत तें अतिशय जुनें गणलें जातें. पुढील शतकांतील गिटारहि आजच्या मानानें लहान, कंबर फारशी न आवळलेली, आणि मधल्या वर्तुळाकार छिद्रावर चर्मपत्राची नाजूक जाळी बसविलेली अशी असे. तारा तांतीच्या, आणि पडदेहि तांतीचेच. ते दांडीभोंवतीं गुंडाळून बांधीत, म्हणजे आपल्या सतारीच्या पडद्यांप्रमाणें ते सरकवितां येत. पॅरिसमध्यें व्होबोआम ह्या घराण्यानें हस्तिदंत, अबनूस व कासवाचें कवच लावून ह्या गिटारींस दागिन्याची कळा आणली होती. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभीं फ्रेंच दरबारी मंडळींस मेंढपाळांची सोंगें घेण्याचें वेड लागलें. रेशमी झगे घालून ही मंडळी बागेंत धनगर-धनगरणी होत, आणि त्या सोंगास शोभेल असें गांवढळ वाद्य त्यांस हवें होई. तें वाद्य म्हणजे व्हिएल, चाक फिरवून वाजविण्याचें, पूर्वीं भिकाऱ्यांच्या हातांत असलेलें. व्हर्सायचा आंरी बातों ह्या कारागिरानें १७१६ च्या सुमारास अडगळींत पडलेल्या जुन्या गिटारींचीं धडें घेऊन त्यांवर चाक व कळा बसविल्या आणि दरबारी व्हिएल तयार केली. थोड्याच वर्षांत त्यानें ल्यूट ह्या वाद्याच्या धडांवरहि तोच प्रयोग केला. ह्या रीतीनें किती सुंदर गिटारी नाहींशा झाल्या असतील! पण आतां त्या व्हिएलीहि तीनशें वर्षांच्या झाल्या आहेत. त्या मोडून पुन्हां गिटारी कराव्या, असें म्हणण्यास कोणी धजेल असें मला वाटत नाहीं.

अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तारांच्या जोड्या जाऊन सुट्या सहा तारा आल्या, आणि तांतीचे बांधलेले पडदे जाऊन धातूचे ठोकलेले पडदे आले. त्यानंतरचें मोठें नांव स्पेनमधील आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) ह्याचें. हा मूळचा सुतार. गिटारीची वरची फळी, जिला आपले सतारवाले तबली म्हणतात, तिला आंतून पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरलेल्या बारीक पट्ट्यांचा आधार देण्याची पद्धति स्पेनमध्यें त्याच्या पूर्वींहि होती. त्यानें धड मोठें केलें, तबली पातळ केली आणि त्या पद्धतीस जें प्रमाण दिलें तें आजतागायत अभिजात गिटारीचें प्रमाण होऊन राहिलें आहे. एवढा गुणी मनुष्य, पण केवळ गिटारींवर त्याचें पोट भरेना. मध्यंतरीं कांहीं वर्षें त्यानें आल्मेरिया येथें चिनी मातीच्या भांड्यांचें दुकान चालविलें! होसे रोमानिल्योस ह्या कारागिरानें १९८७ मध्यें तोर्रेसचें जें साक्षेपी चरित्र प्रसिद्ध केलें त्यांत त्याच्या उपलब्ध वाद्यांची यादीच दुकानापूर्वींचा काळ आणि दुकानानंतरचा काळ अशी दोन भागांत विभागली आहे.

ह्याच तोर्रेसनें १८६२ मध्यें एक विलक्षण गिटार केली. तिची तबली लांकडाची, पण पाठ आणि कडा कागदाच्या पुठ्ठ्याच्या. नाद उत्पन्न होतो तो मुख्यत्वें तबलींतून, पाठीच्या भारी लांकडांतून नव्हे, हें दाखविण्यासाठीं. ती गिटार आज बार्सेलोनाच्या संगीत-संग्रहालयांत आहे. दुरुस्ती करणाऱ्यास हा प्रयोग म्हणजे एक धडाच आहे. पाठीस भेग पडली तर ती सांधा, कडेची पट्टी निघाली असेल तर नवी लावा, खुंट्या बदला. गिटार तीच राहील. परंतु तबली घासून गुळगुळीत करण्याच्या हौशीनें तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरनें उतरविली तर आवाज निराळा होतो, आणि तो पुन्हां कोणासहि परत आणतां येत नाहीं. वार्निशाखालचे ओरखडे घालविण्यासाठीं काचकागद हातांत घेणाऱ्याच्या लक्षांत ही गोष्ट क्वचितच येते.

अमेरिकेंतील हकीकत वेगळी आहे. जर्मनींतील मार्कनॉयकिर्शेन गांवचा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ मध्यें न्यूयॉर्कास गेला आणि थोड्याच वर्षांत पेन्सिल्व्हेनियांतील नाझरेथ येथें स्थायिक झाला. त्याच्या वंशजांचा कारखाना अजून तेथेंच आहे. त्यानें १८४० नंतरच्या दशकांत तबलीखालीं फुलीच्या आकाराच्या पट्ट्या घालण्यास सुरुवात केली. ह्या गिटारी तांतीच्या तारांसाठींच होत्या. पुढें १९१५ मध्यें सान फ्रान्सिस्को येथील मोठ्या प्रदर्शनांत हवाई बेटांतील वादकांनीं मांडीवर आडवी गिटार घेऊन, तारांवरून पोलादी कांडी सरकवीत जे सूर काढले, त्यांचें साऱ्या अमेरिकेस वेड लागलें. त्या वादनास पोलादी तारा लागतात. १९२२ पासून मार्टिनच्या कारखान्यांत पोलादी तारांच्या दृष्टीनें गिटारी बांधल्या जाऊं लागल्या, आणि दशक संपतां संपतां तीच रीत झाली. कारखान्यानें हें सावधपणें केलें. लोकांनीं तितक्या सावधपणें केलें नाहीं. घरीं आजीच्या वेळची जी नाजूक गिटार पडली होती तिच्यावरच त्यांनीं पोलादी तारा चढविल्या. तांतीच्या सहा तारांचा एकूण ताण चाळीस किलोच्या आसपास असतो, तर पोलादी तारांचा, त्या बारीक घेतल्या तरी, सत्तरांच्या घरांत जातो. म्हणजे जी तबली एका शाळकरी मुलाचें ओझें सहन करावयास बांधली होती तिच्यावर एक जाडजूड मनुष्य दिवसरात्र लोंबकळूं लागला. घोडीच्या मागें तबलीला फुगवटी येते, घोडी उचलते, दांडी धनुष्यासारखी वांकते, आणि बाराव्या पडद्यापाशीं तार इतकी वर जाते कीं बोटाला घट्टे पडले तरी सूर शुद्ध लागत नाहीं. जगांतील बहुतेक जुन्या गिटारींचें दुखणें हें एवढेंच आहे. गिब्सन कंपनीनें १९२१ च्या सुमारास दांडींत बसविलेली लोखंडी सळई हा त्यावर शोधलेला उपाय. मार्टिननें ती फिरवून कमीजास्त करण्याजोगी सळई १९८५ पर्यंत घेतली नाहीं, हा त्या घराण्याचा हट्ट.

ह्या दुखण्यावर खरा इलाज काय तें सांगण्यापूर्वीं सरसाविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस हा सुतारांचा जुना सोबती. तो धरतो चांगला हें तर आहेच, पण त्याचा सर्वांत मोठा गुण हा कीं तो सोडतोहि चांगला. ऊब आणि ओलावा दिला कीं सांधा आपोआप मोकळा होतो, लांकडाचा कपचाहि न उडतां. जुन्या कारागिरांनीं जणूं आपलें काम पुढें कोणी तरी उलगडणार आहे हें गृहीत धरूनच तें जोडलें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर पांढरे कृत्रिम सरस आले, मग एपॉक्सी आली, आणि सोडण्याचा गुण नाहींसा झाला. गेल्या पन्नास-साठ वर्षांत घरगुती हौशी लोकांनीं गिटारींच्या भेगांत जें कांहीं ओतून ठेविलें आहे तें काढतांना आजच्या कारागिराचे हाल होतात. मूळ मोडतोडीपेक्षां मागील दुरुस्तीचीच दुरुस्ती अधिक कठीण पडते.

मार्टिनसारख्या गिटारीची दांडी धडाच्या खांचेंत सरसानें बसविलेली असते. सांध्यांत वाफ सोडून ती उतरवितात, टांचेचें लांकूड केसाइतकें तासून तिचा कोन मागें घेतात, आणि पुन्हां बसवितात. स्पेनमधील पद्धतींत मात्र कडांच्या फळ्या दांडीच्या टांचेंतच अडकविलेल्या असतात. दांडी आणि धड एकदमच जन्मास येतात, म्हणून ती अशी उतरवितां येत नाहीं आणि निराळ्या युक्त्या योजाव्या लागतात. भेगेचेंहि शास्त्र आहे. लांकूड हवेंतील दमटपणानें आडवें फुगतें व आक्रसतें, लांबींत जवळ जवळ मुळींच नाहीं. म्हणून कोरड्या हवेंत तबलीला उभी चीर पडते. अशी चीर दिसतांच सरस भरणें हा अडाणीपणा होय. गिटार प्रथम कांहीं दिवस ओलसर हवेंत ठेवावयाची. चीर पुष्कळदां आपण होऊन मिटते. मग बारीक सरस आंत शिरवून, आंतल्या बाजूनें पोतास आडवे असे लहान लहान लांकडी तुकडे टांक्यांसारखे चिकटवावयाचे. त्यानंतर हवेचा दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील अशी व्यवस्था ठेवावयाची. आमच्या मुंबईच्या पावसाळ्यांत हा आंकडा ऐकून कोणासहि हसूं येईल. येथें गिटारी फाटण्यापेक्षां फुगतात, आणि त्यांचे सांधे श्रावणांत सुटतात.

मुंबईचा उल्लेख निघालाच आहे, तर माझ्याच घरीं आलेल्या एका गिटारीविषयीं लिहितों. जुन्या सामानाच्या एका दुकानांतून ती आली. आंतील चिठ्ठी गळून पडलेली, तिच्या जागीं सरसाचा एक चौकोनी डाग तेवढा शिल्लक. घोडी दोन लोखंडी स्क्रूंनीं जखडलेली, तबली फुगलेली, वरून कुंच्यानें फांसलेलें तपकिरी वार्निश. एका गोष्टीनें मात्र माझें लक्ष वेधलें. तबलीवर उजव्या हाताच्या झिजेचा ठसा चांगला खोल होता, म्हणजे वाद्य वर्षानुवर्षें वाजलें होतें. तरीहि पडदे अगदीं कोरे, एकावरहि तारेची खांच नाहीं. हें कोडें मेरूकडे पाहतांच सुटलें. मेरूवर पोलादाची एक खांचदार पट्टी बसवून तारा उंच केल्या होत्या. ही गिटार कोणी तरी मांडीवर आडवी घेऊन, कांडीनें, हवाई पद्धतीनें वाजविली होती. त्या वादनांत तार पडद्यास शिवतच नाहीं.

आणि येथें आपल्या देशाच्या संगीताचा एक प्रकरणभर इतिहास त्या पट्टींत अडकलेला आहे. हवाई बेटांच्या परंपरेंतील वादक ताऊ मो हे १९४० नंतर कांहीं वर्षें सहकुटुंब कलकत्त्यास राहिले, आणि त्या वादनाची गोडी येथें पसरविण्यांत त्यांचा हात मोठा. ओढून, घसरवून सूर काढण्याची ती पद्धति मींड-गमकांस सरावलेल्या आमच्या कानांस परकी वाटलीच नाहीं. युरोपची गिटार जेथें शंभर वर्षांत शिरूं शकली नाहीं तेथें ही हवाई गिटार दहा-वीस वर्षांत शिरली. मुंबईंत व्हॅन शिप्ले ह्यांनीं चित्रपटगीतांच्या चाली गिटारीवर वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या; ब्रिजभूषण काबरा ह्यांनीं तिच्यावर रागदारी आणली, आणि १९६७ मध्यें शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्याबरोबर केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेनें ती घरोघर पोहोंचविली; पुढें विश्वमोहन भट्ट ह्यांनीं तरफा चढवून तिची मोहनवीणा केली, तिला १९९४ मध्यें अमेरिकेचें ग्रॅमी पारितोषिकहि मिळालें. आतां दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर ती उंच पट्टी म्हणजे निव्वळ बिघाड, मूळ स्पॅनिश वाद्यावर नंतर लादलेली वस्तु. साबिओनारीच्या सहा तारांप्रमाणेंच.

ज्या कारागिराकडे ती गिटार मीं नेली तो वयानें माझ्याहून मोठा, हातानें अतिशय कुशल. लहान आरसा आणि दिवा छिद्रांतून आंत घालून त्यानें सगळें पाहिलें आणि म्हणाला, “सर, नवी कोरी करून देतों; कोणी म्हणणार नाहीं जुनी आहे म्हणून.” मीं म्हटलें, “अहो, जुनी आहे म्हणून तर आणली.” तो हसला, पण मग जें बोलणें झालें तें मला कोणत्याहि ग्रंथापेक्षां अधिक उपयोगीं पडलें. त्याचें म्हणणें असें कीं, गिऱ्हाइकास चकाकी दिसते, आवाज दिसत नाहीं; म्हणून गरीब कारागीर चकाकीवर मेहनत करतो. स्क्रू काढणें, घोडी सरसानें बसविणें, आंतील सुटलेल्या दोन पट्ट्या पुन्हां चिकटविणें, ह्या कामांत चार दिवस गेले तरी बाहेरून कांहींच दिसत नाहीं, आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे मागावयास त्याला संकोच वाटतो. जीर्णोद्धाराचें अर्थशास्त्र ह्याहून थोडक्यांत मीं कोठें वाचलेलें नाहीं.

ह्याच्या उलट टोंक अमेरिकेंतील जुन्या गिटारींच्या बाजारांत दिसतें. नॅशव्हिल येथें जॉर्ज ग्रून ह्यानें १९७० मध्यें दुकान काढलें, आणि जुन्या गिटारींची पारख हें एक शास्त्रच होऊन बसलें. ह्या बाजारांत मूळचें वार्निश खरवडून नवें दिलेल्या गिटारीची किंमत एकदम उतरते, मग तें नवें कितीहि सुंदर असो. मार्टिनच्या १९४४ पूर्वींच्या मोठ्या धडाच्या गिटारी, ज्यांच्या आंतील पट्ट्या खोदून हलक्या केलेल्या असत, त्या तर आतां वाजविण्यापेक्षां तिजोरींत ठेवण्याच्या योग्यतेच्या झाल्या आहेत. रस्किनला हें पाहून समाधान वाटलें असतें कीं नाहीं ह्याची मला शंका आहे. जुन्याचा मान राखावा हें त्याचें म्हणणें. पण येथें ओरखड्यालाहि भाव आला, आणि भाव आला म्हणजे खोटे ओरखडे करणारेहि आले. नव्या गिटारीला कारखान्यांतच झिजवून, रंग उडवून, अधिक किंमतीस विकण्याचा धंदा आज राजरोस चालतो.

वार्निशावरून लाखेची गोष्ट आठवते. एकोणिसाव्या शतकांत गिटारींस जें फ्रेंच पॉलिश देत तें नांवानें फ्रेंच, पण जिन्नस आपला. पळस, बोर व कुसुम ह्या झाडांच्या फांद्यांवर किडे जी राळ करून ठेवितात ती लाख. ती स्पिरिटांत विरघळवून कापडाच्या बोळ्यानें शेंकडों पातळ थर देतात. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतील आदिवासी बायांनीं खुडलेली लाख तोर्रेसच्या वारसदारांच्या तबलीवर अजून चढते. सरसाचा गुण हिच्यांतहि आहे. स्पिरिट लागतांच जुना थर नव्यास सामावून घेतो, आणि सांधा दिसत नाहीं. १९२० नंतर अमेरिकेंत नायट्रोसेल्युलोज आलें, त्यानंतर आणखी कठीण कृत्रिम लेप आले. ते टिकाऊ खरे, पण त्यांना जखम झाली कीं ती भरून येत नाहीं. शिसवाचीहि तीच कथा. ब्राझिलच्या शिसवावर एके काळीं साऱ्या कारखान्यांची भिस्त होती. तें मिळेनासें झालें तेव्हां १९६९ च्या सुमारास मार्टिननें हिंदुस्थानच्या दक्षिणेकडील शिसव घेण्यास सुरुवात केली. ब्राझिलच्या शिसवाच्या व्यापारास १९९२ मध्यें आंतरराष्ट्रीय करारान्वयें बंदी झाली. २०१७ मध्यें तर शिसवाची सबंध जातच परवान्याखालीं आली, आणि वादकांस आपलीच गिटार घेऊन सरहद्द ओलांडण्याची धास्ती वाटूं लागली. तयार वाद्यांस त्यांतून २०१९ मध्यें सूट मिळाली. ब्राझिलच्या शिसवाच्या जुन्या वाद्यांची कागदपत्रें मात्र सुटलीं नाहींत. अशा गिटारीची फुटलेली पाठ बदलावयाची म्हटलें तर तशी फळी आणणार कोठून? म्हणून तिचा कपचा निघाला तरी तो जपून ठेवतात.

जपण्याची एक तऱ्हा अशीहि आहे कीं जींत कांहींच पूर्ववत् करावयाचें नसतें. अमेरिकन गायक विली नेल्सन ह्यानें १९६९ मध्यें मार्टिनची एक अभिजात धर्तीची गिटार घेतली. ही बोटांनीं छेडावयाची, म्हणून तबलीचें रक्षण करणारी पट्टी तिला नसते. हा गृहस्थ मात्र तिच्यावर नखीनें वाजवीत राहिला, आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणानें घोडीजवळ तबलीला आरपार दुसरें भोंक पडलें. ऑस्टिन येथील मार्क अर्लवाइन हा कारागीर १९७७ पासून तिची निगा राखतो. त्यानें आंतून आधार दिला, वरून लेप दिला. भोंक मात्र बुजविलें नाहीं. तोर्रेसच्या शिष्यास हें पाहून भोंवळ येईल. परंतु वादकाच्या हाताचा पन्नास वर्षांचा हिशेब त्या भोंकांत आहे, आणि तें बुजविलें तर नवी तबली मिळेल, ती गिटार मिळणार नाहीं. ह्याच्या शेजारीं दुसरी एक घटना ठेवून पाहावी. मार्टिनच्या संग्रहालयानें १८७० नंतरच्या दशकांतील एक गिटार एका चित्रपटासाठीं उसनी दिली होती. २०१५ मध्यें पडद्यावर आलेल्या त्या चित्रपटांत नट गिटार हिसकावून आपटतो. आपटण्यापूर्वीं नकली गिटार हातांत द्यावयाची होती, ती दिली गेली नाहीं, आणि सुमारें एकशें पंचेचाळीस वर्षें टिकलेलें तें वाद्य क्षणांत दुरुस्तीच्या पलीकडे गेलें. विम्याचे पैसे मिळाले. संग्रहालयानें ह्यापुढें चित्रपटांस गिटारी न देण्याचें जाहीर केलें.

आतां माझें मत विचारल्यास तें मी स्पष्टपणें मांडतों. वाद्य वाजतें राहिलें पाहिजे, ह्या बाबतींत मी रस्किनच्या पक्षाचा नाहीं. न वाजणारी गिटार हें सुबक फर्निचर होय. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयांत स्त्रादिवारीची १६८८ सालची गिटार काचेआड आहे. ती तेथें राहावी हें योग्यच, कारण मापें घेण्यासाठीं जगांत कांहीं वाद्यें अस्पृष्ट हवींतच. पण प्रत्येक जुन्या वाद्याला ती शिक्षा देतां येणार नाहीं. मात्र वाजती करण्यासाठीं जेवढें लागेल तेवढेंच करावें, तेंहि सुटेल अशा सरसानें. आणि मधल्या माणसानें जें केलें तें वाद्यास मारीत नसेल तर त्यास हात लावूं नये. साबिओनारी पुन्हां पांच जोड्यांची केली ह्याचें माझ्यापुरतें समर्थन एकच आहे: सहा तारांच्या जुन्या गिटारी पुष्कळ उरल्या आहेत, आणि वाजण्याजोग्या स्थितींतील स्त्रादिवारीची पांच जोड्यांची गिटार दुसरी जवळ जवळ नाहीं. हें समर्थन लहान कारखान्यांतून निघालेल्या हजारों निनांवी गिटारींस लागू पडत नाहीं.

माझ्या गिटारीचे स्क्रू निघाले, घोडी सरसानें बसली, फुगवटी अर्धी ओसरली. उरलेली अर्धी काढावयाची तर तबली उघडावी लागली असती, ती उघडूं दिली नाहीं. तपकिरी वार्निश तसेंच आहे. मेरूवरील पोलादी पट्टी कांहीं चिकटविलेली नव्हती, तारांच्या दाबानेंच ती बसली होती. ती मीं पाकिटांत घालून गिटारीच्या पेटींत ठेविली आहे. पाकिटावर ती कोठें होती आणि केव्हां काढली तें लिहिलें आहे. नायलॉनच्या तारा चढविल्या आहेत. पाठीच्या आंतल्या बाजूस कारागिरानें पेन्सिलीनें केलेल्या कामाची यादी व तारीख लिहिली. आरशांतून पाहतांना त्याला तेथें आणखी एक पेन्सिलीचा आंकडा दिसला, जुना, पुसट, गुजराती लिपींतील. तो दुकानाचा क्रमांक आहे कीं कोणा पूर्वींच्या दुरुस्तीचा, ह्यावर आमचें एकमत झालें नाहीं. त्यानें आपलीं अक्षरें त्या आंकड्यापासून चार बोटें दूर लिहिलीं आहेत.